अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांतले जुने मळे (प्लँटेशन) बघताना: काय बघावं, काय विचारावं

नदीकाठी

न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या बेतात ‘एक दिवस प्लँटेशन’ हमखास असतो. ओकच्या झाडांची कमान, पांढऱ्या खांबांचा वाडा, चार फोटो, आणि संध्याकाळी परत. मळा म्हणजे वाडा नव्हे, एवढं आधी डोक्यात पक्कं असलं तर त्याच दिवसात कितीतरी जास्त दिसतं, म्हणून हा धागा काढला आहे. लुइझियानाचं मी लिहितो, इतर राज्यांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात जमिनीपासून. फ्रेंच अमलात मिसिसिपीच्या काठच्या जमिनी नदीला काटकोनात, लांबट पट्ट्यांनी वाटल्या गेल्या. माप आर्पां, एक आर्पां म्हणजे साधारण १९२ फूट. नदीकडची रुंदी बेताची आणि खोली बहुधा ४० आर्पां, म्हणजे जवळजवळ दीड मैल. माल बोटीनेच जायचा, त्यामुळे प्रत्येकाला नदीचं तोंड हवं होतं. पट्ट्याच्या पुढच्या टोकाला वाडा, त्यामागे स्वयंपाकघर आणि कोठारं, मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलाम केलेल्या लोकांच्या खोल्या, पुढे साखरघर, मग नुसता ऊस, आणि शेवटी दलदल. पर्यटकाला दाखवतात तो या पट्ट्याचा पहिला तुकडा. वाड्याकडे पाठ करून मागे चालत किती लांब जाता येतं आणि तिथे काय सांगितलं जातं, यावर मी कुठल्याही मळ्याची परीक्षा करतो.

न्यू ऑर्लिन्सपासून गाडीने तासाभरावर पश्चिम काठाला तीन जागा आहेत: वॉलेसचा व्हिटनी, आणि व्हाशरीचे लॉरा व ओक ॲली. एका दिवसात दोनच नीट होतात. व्हिटनीला दोन तास धरा, आणि तिथेच सकाळी आधी जा. उलट क्रमाने गेलं की वाड्याची कौतुकाची गोष्ट डोक्यात बसते आणि नंतर व्हिटनीत वाचलेलं सगळं तिची ‘दुसरी बाजू’ वाटायला लागतं. वास्तविक या मळ्यांवर बहुसंख्य माणसं गुलामीतच राहत होती.

व्हिटनीची सुरुवात १७५२ ची. ॲम्ब्रॉइझ हायडेल या जर्मन स्थलांतरिताने तो वसवला. आधी नीळ, मग ऊस. संग्रहालय म्हणून तो डिसेंबर २०१४ मध्ये खुला झाला आणि पहिल्यापासून केंद्रस्थानी गुलामीतली माणसंच आहेत. लुइझियानात गुलाम केलेल्या १,०७,००० लोकांची नावं दगडी भिंतींवर कोरली आहेत. एका वेगळ्या अंगणात त्या एका पॅरिशमध्ये (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) लहानपणीच मेलेल्या सुमारे २,२०० मुलांची नावं आहेत. भिंतीपुढून नुसतं चालत जाऊ नका. एक चौकट निवडा आणि पूर्ण वाचा: नाव, जन्माचं अंदाजी साल, मूळ मुलूख. बांबारा, मिना, काँगो असे शब्द दिसतील. आफ्रिका नावाच्या एकाच गोळ्यातून ही माणसं आली नव्हती, हे तिथे नीट कळतं.

काहील

उत्तम धागा. साखरेकडची थोडी भर.

व्हिटनी आणि इतर काही मळ्यांवर मोठमोठ्या लोखंडी कढया ठेवलेल्या दिसतात. लोक त्यांना कमळाची कुंडी समजून फोटो काढतात. आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीची ती चुलत बहीण, पण वापर वेगळा. आपल्याकडे बहुधा एकच काहील, रस शिजवला की गूळ वाफ्यात ओतायचा. तिथे चार-पाच कढया एका लांब भट्टीवर ओळीत बसवलेल्या, सगळ्यांत मोठीपासून सगळ्यांत लहानीपर्यंत. सगळ्यात जास्त आच शेवटच्या, लहान कढईखाली. रसात चुना घालून मळी काढायची आणि लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून पुढच्या कढईत ओतत न्यायचा. शेवटच्या कढईचं नाव ‘बातरी’. तिथे दाणा धरायची वेळ साधावी लागे: क्षणभर उशीर झाला की करपलं, लवकर काढलं तर नुसती काकवी. ही वेळ ओळखणारा साखऱ्या अनेक मळ्यांवर गुलामच असे, आणि मालमत्तेच्या यादीत त्याची किंमत शेतमजुरापेक्षा चढी लावलेली असे.

आता यात माणसं का मरत, ते. लुइझियाना उसासाठी थंड प्रदेश. महाराष्ट्रात आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो, तिथे जेमतेम नऊ महिने मिळतात आणि मग पाणी गोठवणारी थंडी येते. गोठून ऊस फुटला की रस आंबतो. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर सगळं एकदम: तोडणी, वाहतूक, गाळप, उकळणं, सगळं रात्रंदिवस पाळ्यांनी. या हंगामाला ‘रुलेझाँ’ म्हणत. झोप न झालेला माणूस रात्री चरकात कांड्या घालतो. चरकाच्या रुळांत बोट गेलं की हात जातो, कारण चरक लगेच थांबत नाही. उकळत्या रसाचे चटके वेगळेच. उसाच्या मळ्यांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असत आणि ती तूट व्हर्जिनिया-मेरीलँडकडून आणलेली माणसं विकत घेऊन भरली जात असे.

म्हणून जमलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जावं. आजूबाजूला ऊसतोड चालू असते (आता यंत्राने), आणि गाईड ‘हंगाम’ म्हणाला की समोर शेत दिसतं.

आणखी एक नाव सगळ्या साखर कारखान्यांच्या लोकांना माहीत असायला हवं: नॉर्बेर रिल्यू. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स, आई स्वतंत्र कृष्णवर्णी स्त्री, शिक्षण पॅरिसमध्ये. एका भांड्यातल्या वाफेने कमी दाबाखालचं पुढचं भांडं तापवायचं, ही त्यांची युक्ती. पहिलं पेटंट १८४३, सुधारित १८४६. इंधन वाचलं, साखर पांढरी झाली, आणि उघड्या कढयांपुढे उभं राहणं कमी झालं. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या भांड्यांची जी रांग दिसते ती याच तत्त्वावर चालते.

मृण्मयी_स

ओक ॲली मग टाळावाच का? आईबाबांना झाडं बघायची आहेत.

नदीकाठी

टाळू नका मृण्मयीताई, पण तिथे काय बघायचं ते ठरवून जा. २८ ओक आहेत आणि ते वाड्याच्या कितीतरी आधीचे आहेत. वाडा १८३७ ते १८३९ चा. मागे गुलामांच्या खोल्या आहेत, त्या मूळच्या नव्हेत, नंतर नव्याने उभारलेल्या. तसं तिथे सांगितलेलंही आहे. आत मळ्यावरच्या माणसांची नावं लिहिलेली आहेत.

तिथे अंत्वान या माळ्याची चौकशी जरूर करा. गुलामीत असलेल्या या माणसाने १८४६ च्या सुमारास पातळ सालीच्या पेकन अक्रोडाची कलमं यशस्वी केली. तोवर पेकन बी लावूनच वाढवत, आणि आंब्याच्या कोयीचं जसं होतं तसंच व्हायचं: कुठलं झाड कसं निघेल याचा भरवसा नाही. कलमामुळे एकसारखं फळ देणारी बाग शक्य झाली. त्या जातीला १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर ‘सेंटेनियल’ नाव मिळालं. अंत्वानचं आडनावसुद्धा कागदावर नाही. कोकणातल्या कलमकाराला त्याचं काम चटकन कळेल.

लॉराचा वाडा वेगळा. १८०५ चा, क्रिओल (वसाहतकाळात तिथेच रुजलेल्या फ्रेंच वळणाच्या) धाटणीचा, जमिनीपासून उचललेला आणि पांढरा नाही, रंगीत. तिथल्या मागच्या खोल्या मूळच्या आहेत, शिवाय मालक कुटुंबाच्या आठवणी आणि कागद उपलब्ध असल्याने माहिती नेमकी मिळते. सेनेगलकडून आलेल्या लबाड सशाच्या गोष्टी लोककथांचे अभ्यासक आल्से फोर्तिए यांनी याच भागात लिहून घेतल्या.

खाजण

सगळं उसावरच चाललंय, भात राहिला. चार्ल्स्टनला जाणाऱ्यांसाठी लिहितो.

साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर भाताचे मळे होते आणि त्यांचं तंत्र गोव्याच्या किंवा कोकणातल्या माणसाला पटकन समजेल. आपल्या खाजणात बांध घालून, मानशीची दारं लावून खारं पाणी बाहेर ठेवतात. तिथे नदीमुखाच्या जरा वरच्या भागात भरतीच्या जोराने नदीचं गोडं पाणी वर चढतं, तेवढंच दार उघडून खाचरात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. दाराला ‘ट्रंक’ म्हणत, कारण सुरुवातीला ते सायप्रसचं पोकळ खोडच असे. जागा चुकली, म्हणजे समुद्राच्या फार जवळ गेलं, तर खारं पाणी शिरून पीक जातं. फार वर गेलं तर भरती पोचत नाही. दलदलीतलं जंगल तोडून हे मैलोगणती बांध हाताने घातले गेले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भात पिकवणारे लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत होते, आणि मळेवाले त्या भागातल्या माणसांना जास्त किंमत द्यायला तयार असत.

काम ‘टास्क’ने, म्हणजे नेमून दिलेल्या मापाने: बहुधा पाव एकर, आपले दहा गुंठे. तेवढं संपलं की उरलेला वेळ आपला, असा नियम. ऐकायला बरा वाटतो. गुडघाभर चिखलात ऑगस्टच्या उन्हात दहा गुंठे कुदळून बघितले तर कळेल. हिवतापाच्या भीतीने मालक मे ते नोव्हेंबर मळ्यावरून निघून जात आणि मागे मुकादम ठेवत. भात कांडायचं ते उखळ-मुसळाने, पाखडायचं ते गवताच्या रुंद, पसरट टोपल्यांत. त्याच विणीच्या टोपल्या आज चार्ल्स्टनच्या बाजारात गला लोक (या किनाऱ्यावरच्या गुलाम केलेल्या लोकांचे वंशज) विकतात. किंमत जास्त वाटते, पण एका टोपलीत कितीतरी दिवसांचं हातकाम असतं. घासाघीस करू नका.

जेम्स बेटावरचा मॅकलाउड मळा या भागात मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. २०१५ पासून लोकांसाठी खुला आहे, पीक सी-आयलंड जातीचा लांब धाग्याचा कापूस. खोल्यांची मूळ ओळ रस्त्यालगत उभी आहे आणि त्यांत १९९० पर्यंत माणसं राहत होती. बून हॉलला विटांच्या नऊ मूळ खोल्या आहेत, वाडा मात्र १९३६ चा! मॅग्नोलिया आणि मिडलटन या मळ्यांवर फसगत होते ती तिकिटात: बागेच्या तिकिटात काय येतं आणि गुलामीवरची फेरी कुठली, केव्हा, हे आरक्षण करतानाच वाचा. नाहीतर दिवसभर अझेलियाची फुलं बघून परत.

शहरात चाल्मर्स रस्त्यावरचा जुना गुलामबाजार बघा. १८५६ मध्ये शहराने उघड्यावरचे लिलाव बंद केले म्हणून लिलाव बंद आवारात गेले. ते हेच आवार. आणि गॅड्सडेनच्या धक्क्यावर, जिथे हजारोंना जहाजातून उतरवलं, तिथे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय सुरू झालं. मळ्याआधी हे दोन करा.

दप्तरदार

जाण्याआधी घरबसल्या करता येण्यासारखं एक काम सांगतो. तासभर लागतो.

ज्या मळ्यावर जायचं आहे त्याच्या १८६० सालच्या मालकाचं नाव आणि जिल्हा शोधा. मग फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर १८६० च्या जनगणनेतली गुलामांची वेगळी यादी उघडा. मालकाचं नाव दिसेल आणि त्याखाली नुसते आकडे: वय, लिंग, वर्ण. नावाचा रकाना नाही. त्या जनगणनेत देशभरात ३९,५३,७६० माणसं अशी नोंदली आहेत. मुक्त झालेल्या बहुसंख्य लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. वंशावळ शोधणारे कृष्णवर्णी लोक याला ‘१८७० ची भिंत’ म्हणतात.

ती ओलांडायचे रस्ते आहेत. मालक वारला की मालमत्तेची यादी होई, तिच्यात नाव, वय, काम आणि किंमत असे. वाचताना शेवटच्या ओळी नीट बघा: म्हाताऱ्या माणसांपुढे शून्य किंवा नाममात्र रक्कम असते. आई आणि तान्हं मूल बहुधा एकाच आकड्यात. दुसरा रस्ता १८६५ नंतर मुक्त लोकांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे, फ्रीडमेन्स ब्यूरोचे कागद: मजुरीचे करार, रेशन, विवाहनोंदी. तिसरा फ्रीडमन्स बँकेच्या खात्यांचे अर्ज, १८६५ ते १८७४. त्यांत आईबाप, भावंडं, जुन्या मालकाचं नाव विचारलेलं असे. लुइझियानात फ्रेंच आणि स्पॅनिश नोटरींचे दस्त असल्याने बाकी राज्यांपेक्षा तपशील जास्त सापडतो.

१९३६ ते १९३८ मध्ये सरकारी प्रकल्पाखाली घेतलेल्या, पूर्वी गुलामीत असलेल्या लोकांच्या २,३०० वर मुलाखती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साठ्यात वाचता येतात. वाचा, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. सांगणारे त्या वेळी बहुतेक ऐंशीच्या पुढचे, गुलामी त्यांनी बालपणी पाहिलेली. विचारणारे बहुतेक गोरे, कधी कधी त्याच गावातले. आणि काळ मंदीचा. म्हाताऱ्यांना वाटे की या सरकारी माणसाकडून पेन्शन मिळेल. ‘मालक चांगला होता’ हे वाक्य या सगळ्यातून आलेलं आहे.

कॅरीकर

नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले-डरॅम-कॅरी भागात मराठी घरं बरीच आहेत आणि डरॅमच्या उत्तरेला स्टॅगव्हिलचा मळा आहे, तरी फार कमी जण जातात. राज्याच्या मालकीची जागा. १८६० मध्ये बेनेहॅन-कॅमरन कुटुंबाची सुमारे ३०,००० एकर जमीन आणि सुमारे ९०० गुलाम माणसं. वाडा साधा आहे. खरी गोष्ट तिथून मैलभरावरच्या हॉर्टन ग्रोव्हला: १८५० च्या सुमाराच्या दुमजली, चार खोल्यांच्या लाकडी इमारती. एका खोलीत एक कुटुंब. चाळीत वाढलेल्या माणसाला ती रचना लगेच ओळखू येईल, आणि फरकही: इथून बाहेर पडायला मालकाची चिठ्ठी लागे. पलीकडे १८६० चं प्रचंड कोठार आहे, ते गुलामीतल्या सुतारांनी उभारलेलं; आतले लाकडी सांधे बघायला मान वर करा.

याच कुटुंबाने १८४४ मध्ये शंभरावर माणसं इथून अलाबामाच्या नव्या कापूसमळ्यावर पायी पाठवली. १८०८ पासून आफ्रिकेतून आयात बेकायदा होती, पण देशांतर्गत व्यापारात सुमारे दहा लाख माणसं अशी वरच्या राज्यांतून खाली हलवली गेली. म्हणून व्हर्जिनिया किंवा नॉर्थ कॅरोलिनाच्या मळ्यावर विचारायचा प्रश्न असा: ‘इथून कोणाला, कुठे विकलं?’ लुइझियानात तोच उलटा: ‘इथे माणसं कुठून आणली?’ चांगल्या गाईडकडे उत्तर असतं.

शब्दवेल्हाळ

भाषेबद्दल एक. घरातल्या ज्येष्ठांना गाईडचं बोलणं मराठीत सांगताना आपण नकळत ‘नोकरचाकर’, ‘गडीमाणसं’ म्हणतो. पगार नाही, सोडून जाता येत नाही, पोर विकलं जातं. तिथे हे शब्द चालत नाहीत. ‘गुलाम’ म्हणावं, किंवा नदीकाठी यांनी लिहिलंय तसं ‘गुलाम केलेली माणसं’, म्हणजे कोणीतरी केलं हे वाक्यात राहतं.

तसंच ‘वाडा १८३९ मध्ये उभा राहिला’. मराठीत वाडे आपोआप उभे राहतात, शेतं पिकतात, बागा फुलतात. मुलांना सांगताना कर्ता घाला: विटा कोणी पाडल्या, गिलावा कोणी केला, कुंपण कोणी घातलं. एवढ्या एका सवयीने फेरीचा अर्थ बदलतो.

वऱ्हाडी_७१

आपला संबंध विसरू नका. एप्रिल १८६१ मध्ये यादवी सुरू झाली, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. भाव भडकले, वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून जाऊ लागला, मुंबईत पैशांचा पूर आला, शेअरबाजार आणि बॅक बेच्या भरावाचं वेड लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. त्याआधीची कित्येक दशकं लँकेशायर मुख्यतः गुलामांनी वेचलेल्या कापसावर चाललं होतं.

आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. साता समुद्रापलीकडची ही घटना घडून आठच वर्षं झाली होती आणि पुण्यात तिचा अर्थ नेमका लागला होता.

मृण्मयी_स

मे २०२५ मध्ये लुइझियानातल्या नॉटोवे मळ्याचा वाडा जळाला तेव्हा बरं झालं म्हणणारेही पुष्कळ होते. जाणकारांना काय वाटतं?

दप्तरदार

१८५९ चा तो वाडा, १८६० च्या जनगणनेत त्या मळ्यावर १५५ गुलाम माणसं. गेली कित्येक वर्षं तिथे हॉटेल आणि लग्नसमारंभ चालत. वंशजांचा राग मला पूर्ण समजतो. तरी लाकूडकाम, गिलावा, विटा हा त्या कारागिरांचा हातचा पुरावा होता आणि कागदावर ज्यांचं नाव नाही त्यांचा तर एकमेव. तो गेल्याचं मला दुःख आहे.

नदीकाठी

मला इतकं दुःख नाही झालं. तिथे त्या कारागिरांची गोष्ट सांगितलीच जात नव्हती. पुरावा असून कोणी वाचत नसेल तर तो लग्नाच्या फोटोची पार्श्वभूमी होतो. आपलं इथे जमणार नाही, दप्तरदार, आणि असू दे.

१८६५ नंतरचं जरूर विचारा, बहुतेक फेऱ्या तिथेच संपतात. मुक्ती मिळाली, जमीन नाही. त्याच खोल्यांत राहून अर्धलीने शेती किंवा रोजंदारी, मळ्याच्याच दुकानात उधारी, काही ठिकाणी मजुरी नाण्यांऐवजी त्याच दुकानात चालणाऱ्या बिल्ल्यांत. हंगामाअखेर हिशेब मालकाचा. लॉराच्या खोल्यांत १९७७ पर्यंत लोक राहत होते. आणि याच पट्ट्यांवर, न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज, आज रसायनांचे कारखाने आहेत: अख्खा पट्टा एका मालकाकडून एकगठ्ठा विकत मिळे, नदीचं तोंड तयार. शेजारची गावं मुक्त झालेल्या लोकांच्या वंशजांची. ‘कॅन्सर ॲली’ हे नाव त्या भागाला पडलं ते या कारखान्यांच्या प्रदूषणामुळे. बांधावर चढून दोन्ही बाजूंना पाहिलं की धुराडी दिसतात.

पोरांचीआई

नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत. काय काळजी घ्यावी?

खाजण

ऊन आधी. जून ते सप्टेंबर दुपारी टाळा, दमटपणा मुंबईच्या मे महिन्यासारखा आणि सावली फक्त ओकखाली. पाणी सोबत, डासांचं मलम, बंद बूट. गवतातल्या मातीच्या छोट्या ढिगांवर पाय देऊ नका, लाल मुंग्या असतात. वादळांच्या मोसमात निघण्याआधी फोन करा. ऑगस्ट २०२१ च्या आयडा वादळाने रिव्हर रोडवरच्या (व्हिटनी, लॉरा, ओक ॲली ज्या नदीकाठच्या रस्त्यावर आहेत तिथल्या) काही जागा बराच काळ बंद होत्या. शाकाहारी असाल तर डबा न्या, तिथल्या राजमा-भातातही सॉसेज असतं.

व्हिटनीत १८११ च्या उठावाचं स्मारक आहे. जानेवारी १८११ मध्ये शार्ल देलोंद यांच्या पुढारपणाखाली शेकडो लोक न्यू ऑर्लिन्सकडे निघाले होते. बंड मोडल्यावर त्यांतल्या अनेकांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली गेली, आणि स्मारकात तेच दाखवलं आहे. तेरा वर्षांच्याला आधी सांगून न्या, नऊच्याला बाहेर थांबवा. त्याला मुलांचे पुतळे दाखवा, ते त्याच्याच वयाचे आहेत.

कॅरीकर

नऊच्याला विटाही दाखवा. स्टॅगव्हिलच्या धुराड्यांत आणि चार्ल्स्टनच्या जुन्या भिंतींत ओल्या विटा उचलताना उमटलेले बोटांचे ठसे आहेत, काही मुलांचे. दुपारच्या उभ्या उन्हात दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा चारनंतर, ऊन तिरपं असताना जा, किंवा मोबाइलची बॅटरी भिंतीला समांतर धरा, म्हणजे खळगे सावलीने उठून दिसतात. बोट आत घालायचा मोह होतो. घालू देऊ नका, घामाने आणि घासण्याने जुनी वीट झडते.